काचेवरचं बावखल

आमच्या शाळेत चेंडू लागून खिडकीची काच फुटली की सगळ्या शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आमच्या ड्रॉइंग सरांचा चेहरा मात्र खुलायचा. ते हातातला खडू टाकून आधी काचेकडे धावायचे, पोराकडे नंतर. तुकडा चांगला मोठा निघाला तर पोराला शिक्षा माफ. मुख्याध्यापकांना तर पक्का संशय होता की सर मधल्या सुट्टीत पोरांना नेम धरायला शिकवतात. मी एकदा तोंडावरच विचारलं, तर म्हणाले, "छे हो बाई, शिकवायला कशाला लागतंय? फक्त ओरडायचं नाही, एवढं केलं की पुरतं."

तो तुकडा ते घरी नेत, कडा दगडावर घासून बोथट करत, जुन्या चादरीत गुंडाळत आणि दर रविवारी सायकलच्या कॅरियरला उभा बांधून बोळिंजहून आमच्या उमेळ्याकडे निघत. वाटेत कुणी असो-नसो, घंटी अखंड चालू. खड्डा दिसला की उतरायचं आणि सायकल हातात धरून बाळंतिणीला चालवावं तशी चालवायची. वाटेवरचे लोक त्यांना नावाने ओळखत नसत. घंटी ऐकली की "काच आली, काच आली" म्हणून बाजूला होत.

आज सर नाहीत. त्यांनी जिच्यासाठी आयुष्याचे इतके रविवार घातले त्या चित्रमालिकेतलं एकही चित्र नाही. वसईत कुणाला विचाराल तर तो मात्र म्हणेल, "नाही कसं? बावखलाचं चित्र होतं ना त्यांचं. मोठं होतं." हे असं कसं झालं, ते मला माहीत आहे, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मी साताऱ्याकडची. भूगोल शिकवायला वसईत आले ती सत्तर-ऐंशीच्या दशकांच्या सांध्यावर. राहायला खोली मिळाली उमेळ्यात रोझामावशीकडे. मावशी विधवा, अंगावर लाल लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. तिचा मुलगा अंतोन केळीची आणि भाजीची वाडी बघायचा. माझ्या खोलीच्या मागच्या खिडकीतून वाडीतलं बावखल दिसायचं. आमच्याकडे विहिरी असतात, तळी असतात, पण बावखल मी वसईतच पाहिलं. विहिरीपेक्षा मोठं, तळ्यापेक्षा लहान, वाडीच्या पोटात खणलेली गोड्या पाण्याची साठवण. एका बाजूने उतरती वाट, काठाला माड आणि केळी, वर शेवाळाची हिरवी साय. खरं तर पहिल्या दिवशी मला ते डासांचं माहेरघर वाटलं होतं.

पहिल्याच रविवारी सकाळी खिडकी उघडली तर आमच्या शाळेतला एक माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी, काठावर उकिडवा बसलेला. नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा. मांडीवर काच. आणि समोरच्या काठीवर बसलेल्या खंड्या पक्ष्याला तो दबक्या आवाजात झापत होता, "सूर मारू नकोस हां. पाणी आत्ताच बसलंय."

मी बाहेर गेले. नवी होते, जीभ तेव्हाही तिखट होती. म्हटलं, "सर, बावखल काढायचं तर कागद आणायचा. काच कशाला?"

"बावखल काढायचंच नाहीये, बाई," सर म्हणाले. "बावखलाला काय दिसतं, ते काढायचंय."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. नंतरच्या वर्षांत हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की माझं पाठच झालं. त्यांना वसईतल्या बावखलांची एक मालिका करायची होती. कुठल्याच चित्रात काठ नाही, सरळ उभं झाड नाही, आकाश वर नाही. फक्त पाण्यात जे पडतं तेच. पाणी शेंदायला वाकलेली बाई, रहाटाचे लोटे, बैलाचं तोंड, माडाच्या झावळ्या, नाताळात टांगलेला कागदी तारा, सगळं उलटं आणि थोडं हललेलं. "माणसं काठावरून पाण्यात बघतात, तेव्हा पाणीही त्यांना बघत असतं. त्याची बाजू कुणी मांडलीच नाही," असं म्हणायचे. मला हे जरा अतीच वाटायचं. पण म्हणताना त्यांचा आवाज असा खाली यायचा की चेष्टा करायला जीभ धजत नसे.

काचेची गंमत अशी होती. काच पाण्याच्या अंगाला तिरपी धरायची आणि तिच्यातून दिसणारं प्रतिबिंब दिव्याच्या काजळीत तेल कालवून बारीक कुंचल्याने काचेवरच गिरवायचं. झालं की उठायचं आणि ती काच कशाकशावर ठेवून बघायची. केळीच्या पानावर, लाल मातीवर, चुन्याच्या भिंतीवर, एकदा तर मावशीच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर. जी रेघ सगळीकडे टिकली ती खरी. जी फक्त एका ठिकाणी शोभली ती लबाड. इथपर्यंत मला पटायचं. पण त्यानंतर ते खिशातलं फडकं काढायचे, बावखलात बुडवायचे आणि सगळं पुसून टाकायचे.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा किंचाळलेच होते. त्या दिवशी त्यांनी कळशी भरायला वाकलेल्या मावशीचं पाण्यातलं तोंड काढलं होतं. एक गाल लाटेने लांबलेला, मागे माड उलटा लोंबणारा, आणि डोळे अगदी मावशीचे, आता काहीतरी बोलणार असे. मला चित्रातलं काही कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला होता. आणि या माणसाने दोन फटकाऱ्यांत ते साफ केलं.

"अहो, हे काय केलंत!"

"कच्चं काम जपायचं नसतं, बाई," सर शांतपणे फडकं पिळत म्हणाले. "पुसल्यावर जे आठवतं तेवढंच चित्रात घ्यायचं. बाकीची सगळी हाताची खोड."

वर्गातही त्यांचा हाच कायदा. पोरांनी मन लावून आंबा काढला की सर तो कागद घडी घालून ठेवून द्यायचे आणि म्हणायचे, आता आठवून काढ. निम्म्या पोरांचा आंबा दुसऱ्या वेळी बटाटा व्हायचा. पालक तक्रारी घेऊन यायचे की पोरगं ड्रॉइंगच्या परीक्षेत लटकेल. सर त्यांना बाकावर बसवायचे आणि सांगायचे, "तुमच्या बायकोचं नाक काढा बघू, समोर न बघता." पालक तक्रार तशीच घेऊन परत जायचे.

पुसलेली काच मग चादरीत गुंडाळली जायची. येताना जितकी जपून, जाताना तितकीच जपून, वर सुतळीच्या गाठी. रोझामावशी स्वयंपाकघराच्या दारातून हे दर रविवारी बघायची. ती चहा घेऊन काठावर पोहोचेपर्यंत सरांच्या गाठी मारून झालेल्या असत. पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच होतं, पण तेव्हा ते माझ्याही लक्षात आलं नाही.

एका वर्षी पावसाळा सरल्यावर सरांनी जाहीर केलं की येत्या रविवारी ते काच नव्हे, कागद आणि रंग घेऊन येणार. मालिकेचं पहिलं खरं चित्र सुरू. मावशीच्या घरात लग्नघरासारखी धांदल उडाली. अंतोनने आणि पलीकडच्या वाडीतल्या मार्थाने, म्हणजे मावशीच्या जन्माच्या मैत्रिणीने, शनिवारचा अख्खा दिवस खपून बावखलातलं शेवाळ काढलं. पडलेली पानं वेचली, काठावरचं गवत छाटलं, कपडे धुवायच्या दगडाला चुना लावला. रविवारी मावशी मिसाहून, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेहून आली ती घरचं लुगडं नेसलीच नाही. चर्चचं ठेवणीतलं लुगडं, गळ्यात सोन्याची माळ, अंबाड्यात दुप्पट अबोली, अशी काठावर जाऊन उभी राहिली. फुग्यांचा, म्हणजे यीस्ट घालून तळलेल्या गोल पुऱ्यांचा, वास वाडीभर सुटला होता.

सर आले. सायकल माडाला टेकवली. पाण्याकडे बघत उभे राहिले. ज्या हिरव्या सायीसाठी त्यांनी एवढे महिने वाट पाहिली होती ती कडेला ढीग होऊन पडली होती, आणि बावखल एखाद्या सरकारी हौदासारखं लख्ख झालं होतं.

"कसं वाटतं, सर?" मावशीने विचारलं. "तुमच्यासाठी केलं सगलं."

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलून बसणार. पण सर म्हणाले, "फार सुंदर, मावशी." मग ओट्यावर बसून त्यांनी पोटभर फुगे खाल्ले, मार्थाला पाककृती विचारली, आणि रंगांची पेटी न उघडता निघाले. मी कुंपणापर्यंत गेले तेव्हा हळूच म्हणाले, "पाणी पुन्हा बसू दे, बाई. पुढच्या वर्षी बघू."

हे 'पुढच्या वर्षी' मला पुढे फार छळायला लागलं. कधी पाणी बसलेलं नसायचं, कधी जास्त बसलेलं असायचं. कधी रहाटाचा बैल बदललेला. मे महिन्यात तर ते फिरकायचेच नाहीत, कारण उन्हाळ्यात खाली गेलेलं पाणी म्हणे खोटं बोलतं. बोळिंजच्या त्यांच्या घरात फणसाच्या लाकडाच्या चौकटीवर ताणलेला मोठा कॅनव्हास पांढऱ्या रंगाचा हात देऊन तयार होता. भिंतीकडे तोंड करून उभा. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, तुम्हाला चित्र नकोच आहे. तुम्हाला सुरुवात हवी आहे. रोज नवी सुरुवात." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दुसरा नाकावर घेतला आणि म्हणाले, "सुरुवातीत चूक होत नाही, बाई." असं खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तोवर वसई बदलायला लागली होती. रहाट गेला, विजेचा पंप आला. स्टेशनच्या बाजूला इमारतींचे सांगाडे उभे राहू लागले. पाणी उपसून टँकर जायचे आणि एकेका वाडीतलं पाणी मचूळ होऊ लागलं. अंतोनच्या डोक्यात मागच्या जागेवर भाड्याच्या खोल्या बांधायचं घोळत होतं. आम्हाला सगळ्यांना खात्री होती की मावशी जिवंत असेपर्यंत बावखलाला कोणी हात लावणार नाही. तिच्या सासूने ते खणताना मातीची टोपली डोक्यावर वाहिली होती, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मे महिन्याच्या सुट्टीत मी साताऱ्याला गेले. जूनमध्ये परतले, खोलीचं दार उघडलं, खिडकी उघडली, आणि समोर सपाट माती. डबर, विटांचे तुकडे, मधे एक मोडकी बादली. माड तसेच उभे होते.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. मावशी वालाच्या शेंगा सोलत होती. मला वाटलं होतं ती रडत असेल, अंतोनशी बोलणं टाकलं असेल. तसलं काही नव्हतं.

"मावशी, तू हो म्हणालीस?"

"म्हनाले. पोराचं पन बघायला नको? पानी तरी कुठं राह्यलं होतं गोड." मग शेंग मोडत म्हणाली, "आनि आपलं बावखल काय कुठं गेलं नाय. सरांच्या चितरात हाय ना सगलं."

मी तिच्यासमोर पाट ओढून बसले. हळूहळू विचारत गेले तेव्हा उलगडलं. मावशीची समजूत अशी होती की सर दर रविवारी बावखलाचा एकेक तुकडा काचेवर उतरवून घेतात आणि घरी नेऊन मोठ्या चित्रात जोडतात. काठावर फडकं बुडवताना तिने त्यांना पाहिलं होतं, पण ते कुंचले धुतात असं तिला वाटलं. आणि तिचा शेवटचा मुद्दा तर बिनतोड होता. "रिकामी काच कोन एवढी जपून नेल, बाई?"

शाळा सुरू झाल्यावर स्टाफरूममध्ये मी सरांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठले, वर्ग सोडून सायकल काढली. संध्याकाळी मी घरी पोहोचले तर ते त्या मातीच्या कडेला उभे होते आणि मावशी त्यांना म्हणत होती, "आता मला चितर दाखवा हां, सर. मी कदी मागितलं नाय, पन आता बगायचं हाय."

"ओलं आहे, मावशी," सर म्हणाले. "वाळलं की दाखवतो."

तेलरंग वाळायला वेळ लागतो, हे मावशीला कुणीतरी सांगितलं होतं. तिने पावसाळा जाऊ दिला. गणपती गेले, सणाची नवी कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला गेली, तरी ते वाळेना. त्या महिन्यांत सर खरोखर बसत होते. त्या पांढऱ्या कॅनव्हासवर काढत होते आणि खरवडत होते. वजन उतरलं होतं. एकदा मधल्या सुट्टीत, डबा न उघडता, मला म्हणाले, "बाई, मला वाटायचं, पुसल्यावर जे उरतं ते खरं. इतकी वर्षं पुसलं. आता आठवायला बसलो की मला नुसतं पुसणंच आठवतं." मला त्यांचा राग होता, तो त्या क्षणी निघून गेला. त्यांच्या आयुष्यात ज्या पाण्याला धरून सगळं चाललं होतं तेच हरवलं होतं, आणि आता नवी सुरुवात करायला काठ उरला नव्हता.

शेवटी मावशी स्वतःच निघाली. ठेवणीतलं लुगडं, माळ, केळ्यांची फणी, डब्यात फुगे. मला सोबत घेऊन एसटीने बोळिंजला. सरांना आम्ही दारात दिसलो तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. चौकट भिंतीशी होती. मावशीने ती स्वतःच्या हाताने वळवली. खरवडून खरवडून करडा झालेला कॅनव्हास, बाकी काही नाही.

सरांनी कोपऱ्यातून काच आणली, चादर सोडली, आणि अंगणात माडाखाली जमिनीवर ती आडवी ठेवली. मला तो खुळेपणा वाटला, अजून वाटतो. त्यांना काय सुचत होतं कुणास ठाऊक. पण मावशी वाकली. कळशी भरायला वाकायची तशीच, एक हात गुडघ्यावर ठेवून. बराच वेळ बघत राहिली.

"माजं तोंड हाय," ती म्हणाली. "माड हाय. आभाल पन हाय." मग तिने मान वर केली. "पानी कुठं हाय, सर?"

सर दोन्ही हातांनी तोंड झाकून पायरीवर बसले. मावशीने केळ्यांची फणी आणि डबा त्यांच्या शेजारी ठेवला, पदराने काचेवरची धूळ पुसली आणि मला म्हणाली, "चल, बाई. गाडी चुकल." एसटीत ती पूर्ण वाट खिडकीबाहेर बघत होती. उमेळ्याला उतरताना फक्त एवढंच बोलली, "कोनाला सांगू नको. बिचाऱ्याला वाईट वाटल."

मी सांगितलं नाही. पण मावशी सांगत सुटली. चर्चच्या आवारात, बाजारात, मासेवालीला, सगळ्यांना. चित्र पाहिलं म्हणाली. अख्ख्या भिंतीएवढं हाय. सगलं तसंच हाय, शेवाल पन हाय, डावीकडं रहाट, पान्यात बैलाचं तोंड, मी कलशी घेऊन. ती हे इतकं तपशिलाने सांगायची की ऐकताना मलाही क्षणभर ते चित्र दिसायचं.

नाताळच्या आधी एका रविवारी सर आले. सवयीनेच आले असावेत, काच नव्हती बरोबर. ओट्यावर मावशी, मार्था आणि मी शेंगा सोलत बसलो होतो. मार्थाने त्यांना पाहिलं आणि हात पुसत उठली.

"बरं झालं आलात, सर. रोझा सांगते, काय चितर काढलंय तुमी! आता माजं पन काढून घ्या. माजे पोरगे पन बुजवायचं म्हनतात, मी थांबवून ठेवलंय. तुमी काढून घेतलं की बुजवायला मोकले."

मावशीचे हात थांबले. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग मार्थाकडे.

"नका बुजवू," ते म्हणाले. "मार्थाबाई, माझ्याकडे कसलंच चित्र नाही. एकही नाही. मी काही काढलेलं नाही. तुमचं बावखल ठेवा."

इतकी वर्षं मी त्या माणसाच्या तोंडून हे ऐकायची वाट बघत होते. मार्था मात्र खळखळून हसली.

"बगा! एवढा मोठा कलाकार, पन मोठेपना नाय," ती मावशीला म्हणाली. "रोझाने डोल्यांनी बगितलंय, सर. आमाला काय फसवता?"

सर मावशीकडे बघत राहिले. ती मान खाली घालून शेंगा सोलत होती. तिने खरं सांगावं तर तिचं खोटं आणि सरांची लाज दोन्ही उघडी पडत होती आणि गप्प राहावं तर मार्थाचं बावखल जात होतं. मावशी गप्प राहिली. तिला मी दोष देत नाही, पण त्या दिवशीचे तिचे हात मला अजून दिसतात.

मार्थाचं बावखल पुढच्या मे महिन्यात बुजवलं. त्या उन्हाळ्यात सर पहिल्यांदाच आले. ट्रक रिकामे होत होते आणि ते अनवाणी काठावर उभे होते, धूळ अंगावर घेत. मार्थाने त्यांना खुर्ची आणून दिली आणि शेजारणीला सांगितलं, "सर शेवटचं बगून घेतात. घरी जाऊन रंग भरतील."